घरची कोंबडी आणि बांधावरची भाजी

पाहुणा सांगून येत नाहीं, हा आपल्या नांदेड-लातूर भागांतील प्रत्येक घराचा अनुभव आहे. दिवेलागणीस चार माणसें ओसरीवर येऊन बसतात, बाजाराचा वार तीन दिवस लांब असतो, घरांत कापण्याजोगी कोंबडी एकच असते आणि जेवणारीं तोंडें दहा-बारा असतात. अशा वेळीं जी गृहिणी गोंधळत नाहीं, ती कांहीं पुस्तकांत पाहून स्वयंपाक करीत नाहीं. हाताशीं असेल तें घेऊन ती भांडें चढविते. या कामास नियम नाहींत असें वरवर वाटतें. परंतु बारकाईनें पाहिलें असतां त्यामागें पक्के नियम आढळतात, आणि त्यांतील अर्धे तरी शेताशीं संबंध ठेवणारे आहेत. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना देगलूर तालुक्यांतील एका गांवीं पिकांच्या पाहणीस गेलों होतों. मार्गशीर्षाचा महिना होता. काम लांबलें व परतीची एस. टी. चुकली. ज्यांच्या ओसरीवर बसलों होतों, त्या घरची आजी म्हणाली, "भाऊसाहेब, आतां कुठं जाताव? कोरड्यास-भाकर खाऊन इथंच ऱ्हावा." घरचीं सात माणसें व आम्ही पांच, अशीं बारा पानें झालीं. डालाखालीं कोंबडी एकच होती. आजीनें नातवास तुरीच्या पाट्यांतून ओल्या शेंगा आणावयास धाडलें. सुनेनें परसांतील वांगीं तोडलीं व कुंपणावरच्या वालाच्या शेंगा काढल्या. दोन तासांनीं जो रस्सा पुढें आला, त्यांत प्रत्येकाच्या वांट्यास मांसाचे दोन-तीनच तुकडे आले असतील. पण जेवणारा कोणीहि अर्धपोटीं उठला नाहीं. सरकारी माणसानें खातेदाराच्या घरचें जेवण घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या रात्रीं आमच्या मनांत आला व आजहि येतो. तो येथें बाजूस ठेवितों. त्या भांड्यांत काय चाललें होतें, एवढेंच पाहूं.

प्रथम कोंबडीचा विचार करूं. गांवरान कोंबडी पांच-सहा महिन्यांनीं खाण्याजोगी होते. पुष्कळदां ती अंडीं देऊन थकलेली, वर्ष-दीड वर्षाचीहि असते. ती हिंडून फिरून वाढते, म्हणून तिचें मांस घट्ट असतें व त्यांत चिवट पडदे अधिक असतात. हे पडदे मंद आंचेवर हळूहळू विरघळून रसांत उतरतात. असा रस्सा रात्रभर राहिला तर सकाळीं थोडा गोठलेला दिसतो, तो यामुळेंच. या कामास साध्या पातेल्यांत सव्वा ते दीड तास लागतो. शेडमध्यें वाढविलेल्या ब्रॉयलर कोंबडीची गोष्ट निराळी. ती पांच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते, पाऊण तासाच्या आंत शिजते आणि त्याहून अधिक शिजविल्यास तिच्या मांसाचे धागे सुटतात. तेव्हां भाजी कोणत्या वेळीं टाकावयाची, हें कोंबडी कोणती यावरून ठरवावें. गांवरान असेल तर आधीं कोंबडी शिजवावी व भाजी मागून टाकावी. शेडमधली असेल तर वेळ लागणारी भाजी तिच्या बरोबरच टाकावी.

कोंबडी फारच जून असेल तर कच्च्या पपईच्या दोन फोडी वाटून अर्धा तास मांसास चोळून ठेवाव्या. पपईच्या चिकांत मांस मऊ करणारें द्रव्य असतें. फिलिपाईन्स बेटांतील लोक तर कोंबडीच्या रश्श्यांत कच्च्या पपईच्या फोडी व शेवग्याचा पाला भाजी म्हणूनच घालतात. त्या पदार्थास ते टिनोला म्हणतात. पपई व शेवगा हीं दोन्ही झाडें आपल्याकडेहि विहिरीच्या कांठीं सहज वाढतात. त्यांचा असा उपयोग मात्र आपण क्वचितच करतों.

कापलेली कोंबडी हळद, मीठ व थोडें आलें-लसूण लावून परतावी आणि तीवर कढत पाणी घालावें. थंड पाणी घातल्यास उकळी मोडते व वेळ वाढतो. मसाला पडण्यापूर्वीं यांतील वाटीभर रस लहान मुलें व आजारी माणूस यांच्यासाठीं काढून ठेवावा. त्यांत मीठ असलें तरी तिखट नसतें, म्हणून त्यास अळणी म्हणण्याचा प्रघात आहे.

दुसरा नियम रस्सा वाढविण्याचा. बारा माणसांसाठीं नुसतें पाणी ओतलें तर तें पाणीच राहतें. त्यास अंग यावें लागतें, आणि तें काम आपल्याकडे येसर करितो. गहूं, बाजरी, हरभऱ्याची डाळ इत्यादि धान्य खरपूस भाजून मसाल्यासह दळलेलें हें पीठ मराठवाड्यांतील घरांत डब्यांत भरलेलें असतें. धान्य आधींच भाजलेलें असल्यानें त्यास कच्चा वास येत नाहीं व तें लवकर मिळून येतें. येसर आधीं थंड पाण्यांत कालवून मग उकळत्या रश्श्यांत सोडावा. कोरडा टाकल्यास गुठळ्या होतात. येसर संपला असेल तर शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ किंवा कारळ वाटून घ्यावे. तेंहि नसेल तर ज्वारीचें पीठ तव्यावर तांबूस भाजून वापरावें. यांपैकीं कांहींना कांहीं घरांत असतेंच.

तिसरा नियम भाजीच्या क्रमाचा. भाज्यांचे तीन वर्ग मानावे. वालाचे दाणे, तुरीचे सोले व बटाटा यांस वीस-पंचवीस मिनिटें लागतात. वांगीं, शेवग्याच्या शेंगा, गवार व दोडका यांस दहा-पंधरा मिनिटें पुरतात. मेथी, चाकवत व शेवग्याचा पाला हे शेवटचीं पांच मिनिटें टाकावे. दोडका व दुध्या यांस पाणी सुटतें, म्हणून ते असल्यास पाणी बेतानें घालावें. भेंडी रश्श्यांत तार सोडते, तिला या भांड्यांत जागा देऊं नये. या वर्गांतील जी भाजी ज्या ऋतूंत असेल ती घ्यावी. एकीच्या जागीं दुसरी आली तरी क्रम बदलत नाहीं.

आंबट पदार्थ मात्र सर्वांत शेवटीं घालावा. आंबटांत दाणे व बटाटे लवकर मऊ होत नाहींत. पुष्कळ ठिकाणीं रस्सा तासभर उकळूनहि सोले टणक राहतात, त्याचें कारण चिंचेचा कोळ आधीं पडलेला असतो हें आहे. अंबाडीच्या पाल्याचेंहि तसेंच. हा भाग १९४८ पर्यंत हैद्राबाद संस्थानांत होता, आणि देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके आजहि तेलंगणास लागून आहेत. तेलुगु लोक अंबाडीस गोंगुरा म्हणतात व ती मांसांत घालतात. हैद्राबादेकडे अंबाडी-गोश्त प्रसिद्धच आहे. पावसाळ्यांत आपल्याकडेहि कोंबडींत मूठभर अंबाडी घातल्यास चिंचेचें काम पडत नाहीं. लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ व कास्ती कोथिंबीर यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पाहूं गेल्यास हे तिन्ही जिन्नस आपल्या चुलीवरील एकाच भांड्यांत मावणारे आहेत.

बारा माणसांचें प्रमाण स्थूलमानानें असें धरावें: साफ केलेली कोंबडी एक किलो, सोले व वालाचे दाणे मिळून अर्धा किलो, वांगीं अर्धा किलो, कांदे चार, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, येसर चार-पांच मोठे चमचे, काळा मसाला व तिखट घरच्या संवयीप्रमाणें, आणि पाणी तीन लिटर. सोबत ज्वारीची भाकरी चुरून खावयास असावी. ज्यांच्या घरीं मांस वर्ज्य आहे, त्यांनीं कोंबडी वगळून सोल्यांचें प्रमाण दुप्पट करावें. बाकीचा क्रम तोच राहतो.

स्वच्छतेविषयीं दोन शब्द. एकाच विळीवर काम करावयाचें असेल तर भाजी आधीं चिरावी व कोंबडी मागून कापावी. नंतर विळी व हात साबणानें धुवावे. आपोआप मेलेलें पाखरूं कितीहि ताजें दिसलें तरी शिजवूं नये. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्लूनें कोंबड्या मेल्या, हें वाचकांस स्मरत असेल. पूर्ण शिजलेल्या मांसांत तो विषाणू टिकत नाहीं हें खरें. परंतु आजारी पाखरूं हाताळण्यांतच धोका असतो. एकाएकीं कोंबड्या मरूं लागल्यास जनावरांच्या दवाखान्यास कळवावें.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. सेवानिवृत्त झाल्यावर गेल्या वर्षीं त्याच गांवीं त्याच घरीं जाण्याचा योग आला. आजी आतां नाहीं. त्या वेळीं शेंगा आणावयास गेलेला नातू आज घरचा कारभारी आहे. आदरातिथ्यांत त्यानें कांहीं उणें ठेविलें नाहीं. मोटारसायकलीवर जाऊन दोन शेडच्या कोंबड्या, बटाटे व मसाल्याची पुडी घेऊन आला. जेवण चांगलें झालें. वाढतांना त्याची आई मात्र हळूच म्हणाली, "सोले टाकले असते भाऊसाहेब, पण औंदा शेतात तूरच न्हाई." तिची विद्या शाबूत होती, तिच्या हाताशीं जिन्नस नव्हते.

आमचें आयुष्य सात-बाराच्या उताऱ्यांत गेलें. गांव नमुना बारांत मिश्र पिकांखालील क्षेत्र व निर्भेळ पिकांखालील क्षेत्र असे निरनिराळे रकाने आहेत. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां आमच्याकडील गांवांत मिश्र पिकांचे रकाने भरतांना जागा अपुरी पडे. शेवटीं शेवटीं पानेंच्या पानें तो रकाना कोरा दिसे आणि निर्भेळ पिकांत सोयाबीन. २०२१ पासून खातेदार स्वतःच फोनवरून ई-पीक पाहणी नोंदवितात; त्यांनींहि आपली नोंद एकदां या दृष्टीनें पाहावी. सोयाबीनानें पुष्कळ घरांस रोख पैसा दिला हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि त्यांत तुरीचे पाटे ठेवणारे शेतकरी आजहि आहेत. पण तणनाशक फवारलें कीं तांदुळजा, घोळ असा पाला राहत नाहीं. आणि फवारणीच्या सोयीसाठीं बांधालगतची अंबाडीची ओळहि आपण सोडून देतों. शिवाय सोयाबीनाची पेंड कोंबडीच्या खाद्यांत जाते. म्हणजे आपलेंच पीक विकून त्यावर पोसलेली कोंबडी आपण विकत आणतों, आणि भाजीहि विकत आणतों.

यासाठीं मोठा खटाटोप नको. एकरांत चाळीस गुंठे असतात. त्यांपैकीं विहिरीजवळचा एक गुंठा घरासाठीं राखावा. पंधरा-वीस वांग्याचीं रोपें, शेवग्याचीं दोन झाडें, एक पपई, कुंपणावर वाल, कडेस अंबाडीची ओळ, आणि मुख्य पिकांत तुरीचे पाटे, एवढें पुरे. परसांत आठ-दहा कोंबड्या असाव्या. गांवरान न मिळाल्यास हैद्राबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें परसांतील पालनासाठीं काढलेली वनराजा जात घ्यावी, व राणीखेत रोगाची लस चुकवूं नये.

चुलीपुढें बसणाऱ्या माउलीस आपण सुगरण म्हणतों. तिच्या भांड्यांत काय पडावयाचें याचा निम्मा निर्णय मात्र मृगाच्या पेरणीस तिफणीमागें उभा राहणारा पुरुष करितो. तेव्हां यंदा पेरणीचा बेत ठरवितांना वाचकांनीं घरांतील बायकांस एक प्रश्न अवश्य विचारावा: "बांधाला काय लावूं?" त्यांचें उत्तर ऐकून त्याप्रमाणें एक गुंठा राखावा, एवढीच आमची विनंती आहे.