पवनी रोड : छोट्या लाइनीचं स्टेशन

भंडारा जिल्ह्यात रेल्वे गावांपासून जरा अंतर राखूनच धावते. भंडाऱ्याचं स्टेशन वरठीला, तुमसरचं देव्हाडीला आणि पवनीचं भिवापूर-नागभीडच्या मधे, पवनी रोड या नावाने. पहिली दोन स्टेशनं हावडा-मुंबई मार्गावर असल्याने गजबजलेली. पवनी रोडच्या वाट्याला आली ती छोटी लाइन.

बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ मध्ये नागपूर-नागभीड हा शंभराहून अधिक किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग सुरू केला. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. १९१३ मध्ये नागभीडहून हे रूळ पुढे चांद्यापर्यंत पोचले आणि धानाच्या, जंगलाच्या या मुलखाला नागपूरची बाजारपेठ जोडली गेली. गाडी मात्र कमालीची संथ. नागभीडहून नागपूर गाठायला चार तासही पुरत नसत. तरीही ती भरून जायची, कारण तिकीट एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त.

खुद्द पवनी स्टेशनापासून दूर, वैनगंगेच्या काठावर. घाट आणि देवळांमुळे तिला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीला आलेल्या या नगराच्या वेशीपर्यंतही इंग्रजांनी रूळ नेले नाहीत, याचं नवल वाटतं.

नागभीडवरूनच जाणारा गोंदिया-चांदा मार्ग नव्वदच्या दशकातच मोठा झाला. नागपूरकडची शाखा तेवढी अरुंद राहिली. अखेर २५ नोव्हेंबर २०१९ रोजी ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. हुंदके देण्याचं कारण नाही. मोठी लाइन लोकांनाच हवी होती. आक्षेप आहे तो क्रमावर. गाडी आधी थांबली, अडथळे नंतर सुटत राहिले. मधे कोरोना आला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यालगतच्या पट्ट्यात वाघांच्या वाटांचा प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्तच होता. पण तोवर स्वस्त गाडीच्या प्रवाशाने काय करायचं, याची फिकीर कोणी केली नाही.

ब्रॉडगेजवरची प्रत्येक गाडी लहान स्टेशनावर थांबत नसते. पवनीकरांनी थांब्याची मागणी वेळापत्रक ठरण्याआधीच लावून धरायला हवी.