केंद्रक मध्यभागीच लावायचं ना?

रविवारी संध्याकाळी नेरुळच्या आमच्या इमारतीतली आठवीची एक मुलगी पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि तीन-चार डबे घेऊन दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत ‘पेशी व पेशीअंगके’ या धड्यावरचं मॉडेल द्यायचं होतं. पुठ्ठ्यावर डावीकडे गुलाबी घोटीव कागदाची वाटोळी प्राणीपेशी, उजवीकडे हिरव्या कागदाची, विटेसारखी वनस्पतीपेशी. हरितलवकांसाठी वाटाणे, तंतुकणिकांसाठी राजमा, रायबोझोमसाठी मोहरी. केंद्रकासाठी आणलेल्या दोन सुपाऱ्या हातात धरून तिनं विचारलं, “काका, केंद्रक मध्यभागीच लावायचं ना?”

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि फळ्यावर हेच चित्र शेकडो वेळा काढलं. डावीकडे गोल, उजवीकडे चौकोन. चित्र खोटं नाही, पण अशी पेशी कुठे सापडत नाही. ते सरासरीचं चित्र आहे. पेशींबद्दलचे बहुतेक गैरसमज मुलांना बाहेरून चिकटत नाहीत, याच चित्रातून लागतात आणि मोठेपणीही टिकतात. म्हणून तिला म्हटलं, “फेव्हिकॉल राहू दे. आईकडून एक कांदा आण, लाल बघून.”

‘वनस्पतीपेशी हिरवी असते’

कांदा आला. वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटात ट्रकच्या ट्रक रिकामे होतात, त्यातलाच एखादा. चार तुकडे केले, एक जाड पाकळी सुटी केली आणि तिच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्यानं सोलला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, आयोडीनचा एक थेंब, वर कव्हरस्लिप. हवेचे बुडबुडे राहिले तर मुलं त्यांनाच पेशी समजतात, म्हणून ती तिरपी धरून हलकेच सोडायची.

जुन्या सूक्ष्मदर्शकात डोळा लावून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “विटा दिसतायत. पण हिरवं काहीच नाही.”

नसणारच. हरितलवकं उजेडात काम करणाऱ्या भागांत असतात: पानं, कोवळी खोडं, कच्ची फळं. मातीखाली वाढणाऱ्या कांद्याला किंवा मुळांना त्यांचा उपयोग नाही. बटाट्याच्या पेशीत लवकं असतात, पण रंगहीन आणि स्टार्चनं भरलेली. आयोडीन टाकलं की ती गर्द निळी होतात. कांद्यात स्टार्च जवळजवळ नसतो, त्यामुळे पापुद्रा फक्त पिवळसर झाला. बटाटा ओट्यावर उजेडात राहिला तर हिरवट होतो, कारण त्याच रंगहीन लवकांची हरितलवकं होऊ लागतात. (हिरवा भाग काढून टाकावा, हरितद्रव्य निरुपद्रवी आहे, पण त्याच्या जोडीनं सोलॅनिन वाढतं आणि ते विषारी.) मिरचीत याहून पुढची गोष्ट घडते. पिकताना हिरवी लवकं मोडून लाल-केशरी रंगद्रव्यांची लवकं बनतात. म्हणजे लवक ही ठरावीक रंगाची गोळी नाही, गरजेप्रमाणे ते रूप पालटतं.

‘केंद्रक मध्यभागी असतं आणि रिक्तिका रिकामी असते’

आयोडीननं केंद्रकं पिवळसर-तपकिरी दिसू लागली होती आणि बहुतेक सगळी भिंतीला चिकटून बसली होती. वाढ झालेल्या वनस्पतीपेशीत मधली जागा एका मोठ्या रिक्तिकेची असते. पुष्कळदा पेशीच्या आकारमानाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग तीच व्यापते, मग केंद्रक, पेशीद्रव्य, तंतुकणिका सगळ्यांनी कडेला सरकायचं.

‘रिक्तिका’ हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांच्यावर माझा थोडा राग आहे. रिक्त म्हणजे रिकामं, आणि ही तर घरातली सर्वांत भरलेली खोली. पाणी, साखर, क्षार, आम्लं, नको असलेले पदार्थ, सगळं इथे. लाल कांद्याचा जांभळा रंगही इथलाच.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, त्यातही रिक्तिकेचा हात आहे. अख्खा कांदा नाकाशी धरला तर वास जेमतेम येतो. गंधकाचे पदार्थ पेशीद्रव्यात असतात आणि त्यांना फोडणारं विकर रिक्तिकेत कोंडलेलं असतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि त्यातून पुढे डोळ्यांना झोंबणारी वाफ तयार होते. ती बनवायला आणखी एक वेगळं विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं. तोवर वैज्ञानिकांचा समज होता की ती आपोआप तयार होते. तेव्हा गैरसमज काही फक्त आठवीतल्या मुलांचे नसतात.

‘वनस्पतीला भित्तिका, प्राण्याला पटल’

वाटणी झाल्यासारखं हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत किती वेळा खोडलं असेल! वनस्पतीपेशीला दोन्ही असतात: बाहेर सेल्युलोजची भित्तिका, तिच्या आत प्रद्रव्यपटल. नुसत्या पापुद्र्यात पटल दिसत नाही, कारण ते भिंतीला घट्ट टेकलेलं असतं. ते दाखवायला मीठ लागतं.

या वेळी पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा घेतला. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. टिपकागदानं साधं पाणी ओढलं, मिठाचं आत आलं. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक विटेतली जांभळी पिशवी आक्रसून भिंतीपासून सुटली. भिंत जागच्या जागी, पिशवी लहान. आता पटल कुठे आहे हे सांगावं लागलं नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं ते हेच. म्हणूनच आमच्याकडे मीठ वाढायच्या वेळी घालतात.

पोरगी हुशार. तिनं विचारलं, “मग खाडीतल्या झाडांचं पाणी का नाही सुटत?”

पाम बीच रस्त्यानं जाताना खाडीच्या बाजूला दिसतं ते कांदळवन दिवसातून दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभं राहतं. ‘ही झाडं खारं पाणी पितात’ असं सर्रास म्हटलं जातं, पण इथल्या तिवर या झाडाची मुळं पाणी घेतानाच बहुतांश मीठ बाहेर अडवतात. उरलंसुरलं आत येतं, ते पेशी रिक्तिकेत साठवते आणि पेशीद्रव्यात दुसरे निरुपद्रवी पदार्थ वाढवून तोल सांभाळते. शिवाय पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चकाकतात, बोट फिरवून चाखता येतात. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे ही झाडं जवळून पाहता येतात.

वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं इंग्रजी नाव ‘मँग्रोव्ह सेल’. रॉबर्ट हुकनं 1665 मध्ये बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ हा शब्द दिला, तो खोली याच अर्थानं. ‘हुकनं जिवंत पेशी शोधली’ हाही गैरसमजच. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. केंद्रकाला नाव मिळायला 1831 उजाडलं, ते रॉबर्ट ब्राऊननं दिलं.

‘प्रत्येक प्राणीपेशीला केंद्रक असतं’

आता डावीकडच्या गुलाबी गोलाकडे. माणसाच्या शरीरात अंदाजे 30 लाख कोटी पेशी असतात, असा हिशोब 2016 मध्ये तीन संशोधकांनी मांडला. त्यातल्या सुमारे 84 टक्के तांबड्या रक्तपेशी. आणि पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात. हिमोग्लोबिनला जागा करून देण्यासाठी ती हे सगळं काढून टाकते आणि साधारण 120 दिवस जगते. म्हणजे केवळ संख्या मोजली तर आपल्या बहुसंख्य पेशी पुस्तकातल्या चित्रात बसतच नाहीत.

मात्र हे सस्तन प्राण्यांपुरतं. नेरुळच्या पाणथळींवर आणि ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या रक्ताचा थेंब पाहिला तर प्रत्येक तांबडी पेशी लंबगोल आणि तिच्यात ठसठशीत केंद्रक. पक्ष्यांचं रक्त असंच असतं, कोंबडीचंसुद्धा.

रोहितचा गुलाबी रंगही त्याच्या पेशी मुळापासून बनवत नाहीत. पिल्लं राखाडी असतात. शेवाळं आणि बारीक जीव खाऊन कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पोटात जातात, शरीरात त्यांत थोडे बदल होतात आणि ती पिसांत उतरतात. पिकल्या मिरचीच्या लवकांतली लाली याच घराण्यातली. ही रंगद्रव्यं बनवण्याची करामत वनस्पती, शेवाळं, बुरशी आणि जीवाणूंकडे आहे. प्राण्यांना, मोजके अपवाद वगळता, ती आयती खावी लागतात.

‘झाडं फक्त रात्री श्वास घेतात’

उजवीकडच्या पेशीसाठी तिनं वाटाणे भरपूर आणले होते, राजमा एकही नाही. “झाडांना हरितलवकं असतात ना, मग तंतुकणिका कशाला?” हा गैरसमज मोठ्यांतही पक्का आहे. हरितलवक साखर तयार करतं. त्या साखरेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणायचं मुख्य काम तंतुकणिकांचं, आणि ते दिवस-रात्र चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त म्हणून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, इतकंच. झोपण्याच्या खोलीतली कुंडी रात्री जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याहून कितीतरी जास्त शेजारी घोरणारा माणूस सोडतो.

तंतुकणिका ऊर्जा ‘निर्माण’ करतात हेही सैल बोलणं, त्या रूपांतर करतात. त्यांच्याकडे स्वतःचा डीएनए असतो. माणसात त्यावर 37 जनुकं आहेत आणि ती आईकडूनच येतात. कधीकाळी स्वतंत्र असलेला जीवाणू दुसऱ्या पेशीत वस्तीला आला, त्याच्या या पणत्या. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हे नेटानं मांडलं तेव्हा फारसं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

‘पटल म्हणजे नुसतं वेष्टन’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज, आणि त्याचं उत्तर खारघरला आहे. टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत 4 जून 2021 रोजी कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती भारतात पहिल्यांदा वापरली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली.

लोकांना वाटतं, कुणा दात्याच्या निरोगी पेशी रुग्णाला देतात. तसं नाही. पेशी रुग्णाच्याच. त्याच्या रक्तातून रोगप्रतिकारक टी-पेशी वेगळ्या काढतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्या केंद्रकात एक नवं जनुक पोहोचवतात. यापुढचं काम पेशी स्वतः करते, अगदी त्या पुठ्ठ्यावरच्या अंगकांनिशी. जनुकाची नक्कल केंद्रकाबाहेर येते, आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोझोम तिच्यावरून प्रथिन गुंफतात, गॉल्गी संकुल त्यावर शेवटचा हात फिरवून ते रवाना करतं आणि प्रथिन प्रद्रव्यपटलात जाऊन रोवलं जातं. तोच नवा ग्राही. त्याच्या जोरावर टी-पेशी कर्करोग झालेल्या बी-पेशींच्या पटलावरची सीडी19 ही खूण ओळखते आणि ती पेशी मारते. एक पेशी दुसरीला ओळखते ती पटलावरच्या खुणांनी. वेष्टनाला हे जमलं नसतं.

‘आता कुठलाही कॅन्सर बरा होणार’ असं मात्र कुणी म्हणू नये. हा उपचार काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लसिकांच्या कर्करोगांसाठी, तोही बहुधा आधीचे उपचार थकल्यावर. सीडी19 निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात आणि संसर्गाचा धोका वाढतो.

एव्हाना साडेनऊ वाजले होते. तिनं हिरव्या पेशीत मोठी निळी रिक्तिका चिकटवली, सुपारी कोपऱ्यात सरकवली आणि दोन्ही पेशींसाठी राजमा हातात घेतला. “प्राणीपेशी कसली दाखवू? यकृताची?”

“दाखव की.”

“मग तंतुकणिका किती?”

“हजार-दोन हजार.”

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. तेवढ्यात आई बोलवायला आली आणि दारातूनच म्हणाली, “उद्याच्या भाजीला भिजवायचाय तो.”