थरारपटास वितरक हवा!

चित्रपटगृहात नटनटींची नावे आपण उत्सुकतेने वाचतो. वितरकाचे नाव मात्र कोणी वाचीत नाही. तयार चित्रपटाच्या प्रती काढणे, त्या गावोगावच्या चित्रपटगृहांत पोहोचविणे, जाहिरात करणे आणि आपला वाटा घेऊन उरलेले उत्पन्न निर्मात्यास देणे, हे त्याचे काम. नामवंत नट नसलेल्या, अल्प खर्चाच्या चित्रपटास असा मनुष्य मिळणे मोठे दुर्घट असते.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जॉर्ज रोमेरो व त्यांच्या मित्रांनी १९६७ साली अंगावर काटा आणणारा एक कृष्णधवल चित्रपट हाती घेतला. आरंभी दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. पुढे खर्च सुमारे १,१४,००० डॉलरांवर गेला. कोलंबिया कंपनीने चित्रपट नाकारला. दुसऱ्या एका कंपनीस शेवट गोड हवा होता. तो बदलण्यास रोमेरो तयार झाले नाहीत. हा बाणेदारपणा आम्हांस तरी फार आवडला. अखेर वॉल्टर रीड या संस्थेने चित्रपट स्वीकारला आणि १९६८ च्या ऑक्टोबरात तो झळकला.

घात झाला तो निराळ्याच ठिकाणी. मूळ नाव बदलून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ असे करताना शीर्षकाखालील स्वामित्वहक्काची सूचना वितरकाकडून गळली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे अशी सूचना नसलेली कृती सार्वजनिक ठरे. चित्रपट देशोदेशी गाजला. ज्याला वाटेल त्याने त्याच्या प्रती काढून विकल्या, आणि त्या विक्रीतून निर्मात्यांस छदामही मिळाला नाही.