बुटवलचा तंटा: सारा एकाकडे, राज्य दुसऱ्याचं

सीमावाद म्हटला की आपण नकाशा उघडतो. मी म्हणेन, आधी साऱ्याचा हिशेब बघा. आज नेपाळच्या बुटवलचं उदाहरण घेऊ.

पाल्पाचा राजा डोंगरात स्वतंत्र होता; पण पायथ्याच्या बुटवलच्या सखल जमिनीसाठी तो अवधच्या नवाबाला सारा भरायचा. १८०१ मध्ये नवाबाने गोरखपूर ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. पुढच्या काही वर्षांत गोरखा दरबाराने पाल्पा घेतलं. कंपनी म्हणे, सारा आमचा, म्हणून जमीन आमची. दरबार म्हणे, राजाचं राज्य आमचं, म्हणून बुटवलही आमचं. दोघांच्याही म्हणण्याला आधार होता!

खलिते गेले, दोन्हीकडचे अधिकारी चौकशीला बसले. नेपाळने सारा भरायची तयारीही दाखवली. पण तो घेतला असता, तर जमीन कोणाची हा प्रश्न तसाच राहिला असता. कंपनीला तो कायमचा मिटवायचा होता. मार्च १८१४ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा यांनी २५ दिवसांची मुदत दिली आणि बोलणी संपली. मे महिन्यात नेपाळ्यांनी बुटवलच्या ठाण्यांवर हल्ला केला; १८ शिपाई मेले. नोव्हेंबरमध्ये कंपनीने युद्ध पुकारलं.

१८१६ मध्ये सुगौलीचा तह पक्का झाला. नेपाळचं कुमाऊं गेलं, गढवाल गेलं. आणि बुटवल? तहाच्या तिसऱ्या कलमात कंपनीला मिळालेल्या सखल प्रदेशातून ‘खास बुटवल’ वगळलं आहे. ज्या गावावरून ठिणगी पडली, ते आजही नेपाळात आहे.