सर्व्हेत कोण खरं सांगतं?

समलिंगी माणसं राजकारणात उदारमतवादी असतात, असं आकडे सांगतात. अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीत मतदान करून बाहेर पडलेल्यांना गाठून विचारलं, तेव्हा स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी कमला हॅरिस यांना मत दिल्याचं सांगितलं. पण जे स्वतःला तसं म्हणवत नाहीत, त्यांचं काय?

पॅट्रिक ईगन या राज्यशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. समलिंगी असल्याने विचार बदलतात, की मोकळ्या विचारांत वाढलेलेच आपला कल उघड करू शकतात? या दुसऱ्या कारणाचा वाटा बराच मोठा निघाला.

मग न सांगणाऱ्यांना मोजायचं कसं? २०१३ मध्ये कॉफमन आणि सहकारी संशोधकांनी एक युक्ती वापरली. एका गटाला काही साधी विधानं द्यायची आणि त्यांतली किती लागू पडतात, एवढीच संख्या विचारायची. दुसऱ्या गटाच्या यादीत समलिंगी कलाचं एक विधान वाढवायचं. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजेच त्या विधानाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण. गुपित कुणाचंच फुटत नाही. सरळ प्रश्नही निनावीच होता, तरी या पद्धतीत भिन्नलिंगी नसल्याचं सांगणारे ६५ टक्क्यांनी वाढले. गंमत म्हणजे, समलिंगी वरिष्ठ नको म्हणणारेही ६७ टक्क्यांनी वाढले! लपवाछपवी दोन्हीकडून होती. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के भारतीयांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दर्शवला. तो आकडाही मी जरा जपूनच वाचतो.

धुळ्यात पांझरेपलीकडे, देवपुरात, कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराने रूममेटसमोर असला फॉर्म कसा भरावा? जनगणना तर लैंगिक कल विचारतच नाही. खानदेशातले समलिंगी अमुक पक्षाचे, असं कुणी ठासून सांगू लागलं तर हसून सोडून द्यावं.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं प्रकरण लैंगिक ओळखीचं, कलाचं नव्हे; पण इथे आठवतं. तृतीयपंथी अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि त्या निवडूनही आल्या. मतदान यंत्रही शेवटी बेरीजच दाखवतं, कुणाचं मत कुणाला ते नाही. याच मतदारांना आदल्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर, चारचौघांत विचारलं असतं, तर तीच बेरीज आली असती असं मला वाटत नाही.