वाढ न संपलेल्या पेशी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून रंकाळ्याकडं संध्याकाळी चालत निघालं, की बोळाबोळांतून फुटबॉलमागं धावणारी पोरं दिसतात. एका पायावर अंग तोलून दुसऱ्या पायानं चेंडू हाणायचा, हे कसब डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास ६९ अब्ज या एवढ्याशा भागात दाटलेल्या असतात. बहुतेक सगळ्या कणपेशी.

या कणपेशी घडण्याची रीत विलक्षण आहे. त्यांच्या पूर्वपेशी आधी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर सायीसारख्या पसरतात आणि तिथं झपाट्यानं दुप्पट-चौपट होतात. बाळ जन्मल्यावरही हे काम चालूच असतं. खालच्या थरातल्या पुरकिंजे पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन सोडून त्यांना वाढीचा निरोप देतात. ‘पीटीसीएच-१’ हे जनुक त्या वाढीला लगाम घालतं. पुढं पूर्वपेशी विभाजन थांबवतात, आत उतरतात, चेतापेशी होतात. साधारण पहिल्या वाढदिवसानंतर वरची साय विरून जाते.

लगाम तुटला तर? पेशी विभागत राहतात, आणि मेड्युलोब्लास्टोमा होतो. मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा हा प्रकार. बेली आणि कुशिंग यांनी १९२५ मध्ये त्याला हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली गडद केंद्रकांच्या पेशी खेटून बसलेल्या दिसतात. एका प्रकारात मात्र तंतूंच्या जाळीत मधूनमधून फिकट बेटं असतात; तिथल्या पेशी चेतापेशी होण्याच्या वाटेला लागलेल्या असतात. मला या आजाराचं सगळं मर्म त्या बेटांत दिसतं. शरीराबाहेरचा शत्रू इथं कुणीच नाही. बाळाची घडणच मध्ये अडकली आहे.

आज या गाठीचे चार मुख्य गट मानतात. सगळ्यांचा उगम त्या सायीत नाही. ‘विंट’ गटाची गाठ मेंदूच्या देठाकडच्या पूर्वपेशींतून येते. गट ओळखायला जनुकीय चाचणी लागते. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटानं मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावरून, रिअल-टाइम पीसीआरनं हे गट ओळखण्याची पद्धत २०१३ मध्ये मांडली. आपल्याकडच्या रुग्णालयांत नमुने मेणातच साठवलेले असतात, म्हणून या कामाचं मोल मोठं.

‘विंट’ गटाची मुलं बहुधा बरी होतात. पण संपूर्ण मेंदू आणि मणक्याला दिलेल्या किरणोपचारानं पुढं शिकण्यावर, उंचीवर परिणाम होतो. म्हणून टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काही मुलांत आजार इतरत्र उलटला. त्यांनी अभ्यास थांबवला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध केले. अपयश असं उघड सांगणं हे मी मोठं वैद्यकीय काम मानतो. त्यामुळं पुढच्या मुलांचा धोका टळला.

ही गाठ मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. डोक्यात दाब वाढतो, सकाळी डोकं दुखतं, उलटी होते, चालताना झोक जातो. घरात याला पित्त म्हणतात, जंत म्हणतात, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळतं. तुमचं पोर रोज सकाळी उलटी करत असेल आणि चालताना भेलकांडत असेल, तर आठवडे घालवू नका. डॉक्टरांना मेंदूच्या स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा.