ख्रिस्ती मंडळीचे संवर्धन
ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांची श्रद्धा दृढ करून त्यांना उपासना, दान व सेवा यांस समर्थ करण्याची प्रक्रिया. बाप्तिस्म्याने व्यक्ती मंडळीत प्रवेश करते. तथापि हा प्रवेश ख्रिस्ती जीवनाचा आरंभ होय, पूर्तता नव्हे. नव्या करारात मंडळीस शरीराची उपमा दिलेली असून, प्रत्येक सभासद त्या शरीराचा कार्यक्षम अवयव आहे, असे मानले आहे. म्हणून बायबलचे अध्ययन, प्रार्थना, प्रभुभोजन व परस्परसेवा ही संवर्धनाची प्रमुख साधने ठरतात. मुलांच्या शिक्षणासाठी रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे सुरू केलेली रविवारची शाळा आणि तरुणांसाठी १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क याने स्थापिलेली संघटना यांचे अनुकरण जगभर झाले. मराठी मंडळ्यांत रविवारच्या शाळेस ‘शब्बाथशाळा’ हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात विशेष स्पष्टपणे दिसते. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे ते पारनेरसारख्या तालुक्यांतील खेड्यांत पसरले. ग्रामीण भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांत महार व मांग समाजांतील लोक बहुसंख्य होते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढली. यातील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. त्यामुळे वाचता येणे हीच श्रद्धासंवर्धनाची पहिली पायरी ठरली. गावच्या शाळेचा शिक्षक दिवसा मुलांस शिकवी व रात्री प्रौढांस शास्त्रपाठ देई. स्त्रियांमध्ये हे काम ‘बायबलबाई’ घरोघरी जाऊन करी. १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाने साक्षर सभासदांस वाचन पुरविले.

दुसरा प्रश्न स्वावलंबनाचा होता. पाळकाचे वेतन परदेशातून येत असेल, तर मंडळी स्वतःस आश्रित मानू लागते आणि सेवा हे पगारी माणसांचे काम ठरते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. एतद्देशीय पाळक व त्यांचा भार उचलणारी मंडळी या दिशेने पडलेले ते महत्त्वाचे पाऊल होते. परंतु पारनेर हा अवर्षणप्रवण, मुख्यतः जिरायती शेतीचा तालुका. तेथे रोख वर्गणीपेक्षा हंगामात धान्याच्या रूपाने दान देणे अधिक सोयीचे. पीक बुडाले की दानही आटे, आणि कामासाठी माणसे मुंबईकडे गेली की लहान मंडळीतील वडील, भजनी व शिक्षक एकाच वेळी कमी होत. अशा मंडळीचे संवर्धन पाळक एकटा करू शकत नाही. सामान्य सभासदांतून नवे कार्यकर्ते घडवावे लागतात.

उपासनेची भाषा हा तिसरा प्रश्न. पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते ग्रामीण श्रोत्यांस परकी वाटत. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी व भजन यांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यामुळे निरक्षर सभासदालाही श्रद्धेचा आशय मुखोद्गत करता आला. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. १९१९ मध्ये टिळकांच्या निधनामुळे हा प्रयोग अल्पजीवी ठरला. परंतु सभासदत्व नोंदवहीने ठरावे की भक्तीने, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न मिटला नाही.

जातिभेद ही संवर्धनाची कठोर कसोटी होय. एका पंगतीस बसणे, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणे व परस्परांत विवाहसंबंध जोडणे यांवरून शिकवण आचरणात किती उतरली, हे कळते. राज्याच्या व्यवस्थेचाही येथे संबंध येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती धर्मावर अवलंबून असून, शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांचा त्यांत नंतर समावेश झाला. ख्रिस्ती मात्र वगळलेलेच राहिले. त्यामुळे उघडपणे सभासद होण्याची किंमत गरीब कुटुंबास शिक्षण व नोकरीच्या संधींच्या रूपाने मोजावी लागते.

अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या पुढे संयुक्त उत्तर भारतीय मंडळीत आल्या व १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत विलीन झाल्या. संघटना बदलली, तरी खेड्यातील मंडळीचे बळ मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून राहिले : स्वतः शास्त्र वाचणारे सभासद, आपल्या भाषेतील उपासना आणि जात किंवा धर्म न पाहता शेजाऱ्याची केलेली सेवा. यांपैकी शेवटच्या गोष्टीतच पहिल्या दोहोंचे फळ दिसून येते.